शंभराव्या सणाचं पाकीट

१

"पाकीट जागेवर नाही," रेव्हरंड विक्रम रणपिसे माइकवर म्हणाले आणि साडेतीनशे माणसांनी भरलेलं करुणा मंदिर एकदम गप्प झालं. एरवी प्रार्थनेतसुद्धा आमच्याकडे एवढी शांतता नसते.

नाना पेठेतलं हे आमचं देऊळ. आम्ही मराठी ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतो. त्याला यंदा शंभर वर्षं झाली, आणि तो हंगामाच्या सणाचा रविवार होता. या सणाला प्रत्येक जण शेतातलं, परसातलं, नाहीतर सरळ मंडईतलं काहीतरी आणून वेदीपुढे ठेवतो आणि उपासनेनंतर त्या सगळ्याचा लिलाव होतो. गेली सतरा वर्षं तो लिलाव मी पुकारतो. मी अभय उजागरे. तीस वर्षं एका विमा कंपनीत खोटे दावे हुडकण्यात घालवली, त्यामुळे माणसं देताना कशी वागतात आणि मागताना कशी, हे मला पुरतं ठाऊक आहे. निदान तसा माझा समज होता. इथली नावं मी बदलली आहेत, माझंसुद्धा.

पाकिटाची हकीकत अशी. अकरा वर्षं दर नाताळला आमच्या दानपेटीत एक जाडजूड लिफाफा सापडायचा. त्यातून नर्सिंग शिकणाऱ्या गरीब मुलींची फी भरली जायची. देणारा कोण, कुणालाच माहीत नव्हतं. गेल्या वर्षी हंगामाच्या सणानंतर त्याच पेटीत एक सीलबंद पाकीट आलं. वर टाइप केलेलं होतं : 'मुलींची फी देणाऱ्याचं नाव आत आहे. शंभराव्या सणाला मंडळीपुढे उघडावं.' वर्षभर आमच्यात दुसरा विषय नव्हता.

सकाळी आठला पाकीट पाळकांच्या, म्हणजे रेव्हरंडांच्याच, खोलीत, टेबलाच्या खणात होतं. रेव्हरंडांनी स्वतः पाहिलं होतं. खणाला कुलूप नव्हतं. देवळात कशाला हवं कुलूप? पावणेअकराला खण रिकामा. मधल्या वेळात लोक आपापले जिन्नस जमा करायला त्या खोलीत येत होते, आणि ते मांडून ठेवायला तिथे उभी होती देवळाची सेविका शालन.

देवळाच्या कमिटीचे सेक्रेटरी इंद्रजीत साळवे उठले. वाघोलीत त्यांच्या इमारती आहेत, आणि बिल्डर माणसाला हुकूम सोडायची सवय असते. "फाटक लावा. प्रत्येकाची पिशवी तपासा."

देवाच्या घरात झडती! बायकांच्या पर्स, पुरुषांचे खिसे, गीतांची पुस्तकं, एका आजोबांच्या चाकाच्या खुर्चीची उशीसुद्धा. वेदीपुढचा ढीग तेवढा सोडला. देवाला वाहिलेल्याला हात कोण लावणार? पाकीट काही मिळालं नाही. तेव्हा साळवेंनी शालनकडे बोट दाखवलं.

"ही सकाळपासून तिथून हललेली नाही. कुणाकडून तरी पैसे खाऊन हिनेच लांबवलं. बुधवारी संध्याकाळी सहाला कमिटी बसेल. तोवर पाकीट आलं नाही तर हिने आवारातली खोली रिकामी करायची."

शालन विधवा. त्या एका खोलीत तिने बारा वर्षं काढली होती आणि लेक वाढवली होती. ती काहीतरी सांगू गेली, पण गलक्यात कुणी ऐकलं नाही, तशी ती भिंतीला टेकली.

२

लिलाव थांबवू नका, सण आहे, असं रेव्हरंड म्हणाले. मी घसा साफ करून उभा राहिलो.

आमच्या लिलावात कोण काय घेणार हे मी डोळे मिटून सांगू शकतो. साळवेंचा दरवर्षी एक नारळ. यंदा बोली पाच हजारांवर गेली तेव्हा ते फोटोसाठी थोडे वळून उभे राहिले. लोणी काळभोरच्या शेतातून त्यांनी टेम्पोभर ऊसही आणला होता, आणि शंभरीनिमित्त पितळी घंटा दिली होती. घंटेवर ख्रिस्ताचं नाव बोटभर आणि त्यांचं वीतभर.

शांतवन पठारे सर निवृत्त मुख्याध्यापक. ते जे कुणीच घेत नाही ते घेतात, खाली मान घालून, पुटपुटल्यासारखी बोली लावून. यंदा फाटक्या पोत्यातली बाजरी त्यांनी घेतली. "किती नम्र माणूस!" अशी कुजबुज लगेच झाली. मुलींची फी सरच देतात असं सगळे धरून चालले होते. सर हो म्हणत नसत आणि नाहीही म्हणत नसत.

आणि नीरजाबाई. सरकारी दवाखान्यातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, अशी त्यांची ख्याती. दरवर्षी मेथीची एक जुडी आणायची आणि दुसऱ्या कुणाच्या कोथिंबिरीवर दहा रुपये बोली लावायची. यंदा त्यांनी टोपलीभर पेरू आणले होते. मी टोपली उचलतो न उचलतो तोच तिसऱ्या बाकावरून आवाज आला, "अभय, पेरू विक, पण टोपली माझी मला परत हवी!"

"बाई, म्हणजे पेरू देवाला आणि टोपली उधारीवर?" मी माइकवर म्हणालो. एवढ्या ताणातही देऊळ हसलं. तशी रीत आमच्याकडे आहेच. जिन्नस विकायचा, भांडं ज्याचं त्याला. पण माणसाने मागावं तरी किती घाईने! पेरू दोनशेला गेले. घेणाऱ्याने ते पिशवीत ओतले आणि डोळे पुसत शालनने रिकामी टोपली बाईंच्या हातात नेऊन दिली.

सगळे गेल्यावर ती माझ्याकडे आली. "काका, तुमी लोकांचं खोटं हुडकून काढत हुता न्हवं?"

"काढत होतो."

"मग बुधवारपर्यंत हे बी काढा. म्या वाघोलीला भावाकडं गेले तर त्यो ठेवून घील. पर चोर म्हणून कशी जाऊ?"

मी हो म्हणून बसलो. विमा कंपनीत असताना असं कधी केलं नव्हतं.

३

सोमवारी सकाळी शालनच्या खोलीत बसलो. तिची लेक संस्कृती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. ती कोपऱ्यात पुस्तक उघडून बसली होती, पान मात्र उलटत नव्हती.

"हिची तिन्ही वर्सांची फी त्याच दानातनं गेली," शालन म्हणाली. "त्या माणसाचं नाव म्या चोरीन व्हय? एकडाव त्याला डोळं भरून बघायचं हुतं मला."

"रविवारी खोली सोडून कुठे गेली होतीस?"

"एकदाच. साळवेसायबांचा उसाचा टेम्पो आला. त्यांनी फाटकातनं हाक मारली, दोन्ही दारं उघड, पोरं बोलव. धा मिनिटं गेली आसतील. मागं खोलीत पठारे सर हुते, आन् नीरजाबाई टोपली घेऊन आत शिरत हुत्या. म्या हे तवाच सांगितलं, पर कोन ऐकतंय."

म्हणजे ती 'तिथून हललेली नाही' हे साळवे सांगत होते, आणि तिला हलवणारेही तेच! मी सरळ वाघोली गाठली. त्यांच्या ऑफिसात भिंतभर सत्काराचे फोटो होते.

"दहा मिनिटं म्हणजे काय मोठं?" साळवे म्हणाले.

"एक पाकीट उचलायला दहा सेकंद पुरतात, साहेब. ते पाकीट उघडलं असतं तर तुमच्या घंटेकडे कुणी ढुंकून पाहिलं नसतं."

त्यांना राग यायला हवा होता. ते हसले. "खरंय. मला ते पाकीट नकोच होतं. पण मी पूर्ण वेळ टेम्पोपाशी होतो, वीस माणसांनी पाहिलंय. आणि ऐका उजागरे, मी नावासाठी देतो, उघड देतो. मुलींच्या वसतिगृहात माझ्या नावाचे बारा पंखे आहेत. नाव लिहिलेल्या पंख्याचा वारा कमी लागतो का?"

हा प्रश्न मी आजही स्वतःला विचारतो. माणूस गर्विष्ठ होता, पण या बाबतीत खोटा नव्हता. टेम्पोवाल्यानेही तेच सांगितलं. मग खोलीत उरले दोघं, आणि त्यातल्या एकाला ते पाकीट उघडलं जाण्याची जबर धास्ती असणार होती.

४

पठारे सरांनी दार उघडलं आणि मला बघून त्यांचा चेहरा पडला. मी आमच्या रीतीप्रमाणे सलाम केला.

"सर, मुलींची फी तुम्ही देता?"

त्यांनी आधी दार लावून घेतलं. मग म्हणाले, "नाही."

"मग अकरा वर्षं—"

"अकरा वर्षं मला कुणी विचारलंच नाही, अभय. लोक नुसते माझ्याकडे आदराने बघायचे. मी मान खाली घालायचो. खोटं एक अक्षर बोललो नाही, पण मान खाली घालणं हेच खोटं होतं. माझी पेन्शन औषधांत जाते. दान कुठून देणार?" त्यांनी चष्मा काढला. "रविवारी पाकीट उघडलं की मी उघडा पडणार होतो. ते गेलं असं कळलं तेव्हा मी देवाचे आभार मानले. शालनवर आळ आला तेव्हा पण मी गप्प बसलो. काय म्हणायचं अशा माणसाला?"

म्हणायला पुष्कळ होतं. पण चोर म्हणून मात्र ते बसत नव्हते. त्यांची झडती मी स्वतः घेतली होती. बाजरीचं पोतं त्यांच्याच सांगण्यावरून रेव्हरंडांनी देवळातूनच वसतिगृहात पाठवलं होतं आणि तिथे ते स्वयंपाकिणीने माझ्यासमोर चाळून दाखवलं होतं.

"शालन बाहेर गेली तेव्हा खोलीत काय झालं?"

"मी लगेच निघालो, पहिलं गीत सुरू होत होतं. नीरजाबाई मागे राहिल्या. गीतांचं पुस्तक राहिलं म्हणून मी परतलो, तर त्या टोपलीतले पेरू काढून पुन्हा नीट रचत होत्या. तेवढ्यात पोरं ऊस घेऊन आत घुसली आणि बाकीच्या जिनसांबरोबर टोपलीही उचलून वेदीपुढे घेऊन गेली. बाई 'थांबा, थांबा' म्हणत होत्या."

मी जिना उतरलो आणि तिसऱ्या पायरीवर थांबलो. पाकीट देवळाबाहेर गेलं ते न तपासलेल्या वस्तूतून, म्हणजे वेदीपुढच्या ढिगातून, हे मी रविवारीच ओळखलं होतं. दोन दिवस मी कोणी काय विकत घेतलं याचाच विचार करत होतो. लिलाव पुकारणाऱ्याची नजर विकल्या जाणाऱ्या मालावर असते. परत काय गेलं, ते मी पाहिलंच नव्हतं. उलट त्यावर विनोद केला होता!

५

मंगळवारी दुपारी रास्ता पेठेत नीरजाबाईंच्या दोन खोल्यांत गेलो. त्यांनी बिनदुधाचा चहा दिला.

"बाई, टोपलीच्या तळाला वर्तमानपत्र होतं. पाकीट त्याखाली."

त्यांनी कप खाली ठेवला. "पुरावा?"

"पुरावा नाही, हिशेब आहे. पाकीट कुणाला नकोसं होतं? साळवेंना, कारण त्यांचं नाव मागे पडलं असतं. सरांना, कारण त्यांचं ढोंग उघडं पडलं असतं. दोघांपैकी कुणी ते घेतलेलं नाही. तिसरं माणूस मी धरलंच नव्हतं. ज्याचं नाव आत आहे ते. दान फक्त नर्सिंगच्या मुलींना जातं. तुम्ही चाळीस वर्षं दवाखान्यात काढली. मेट्रनची पेन्शन चांगली असते, आणि तुमच्या घरात चहाला दूध नाही."

खालून रिक्षांचे आवाज येत होते. बाईंनी खिडकी लोटून घेतली.

"गेल्या वर्षी तू काय म्हणाला होतास आठवतं? 'दहा रुपये! बाई, अशाने देव दिवाळखोर होईल.' सगळे हसले. दरवर्षी हसायचे, मला उलट गंमत वाटायची. तुम्ही हसा, देवाला ठाऊक आहे. पण त्या दिवशी लागलं रे. तशीच टायपिंगच्या दुकानात गेले. म्हटलं, एकदा तरी यांची तोंडं बघायची."

माझी कानशिलं तापली. गुन्ह्याच्या मुळाशी तपासनीसच निघाला होता.

"मग वर्षभर मी ती तोंडंच बघत राहिले. प्रार्थनेला बसलं की तीच. शालनची पोर आठवायची नाही, तुझं वासलेलं तोंड आठवायचं. रविवारी खोलीत एकटी सापडले आणि माझी मलाच किळस आली. खण उघडला, पाकीट घेतलं, टोपलीत दडवलं. घरी आल्यावर जाळून टाकलं."

"आधीच दुसरी चिठ्ठी टाकायची होती, उघडू नका म्हणून."

"त्या क्षणापर्यंत उघडावं असंच वाटत होतं ना!"

"आणि शालन?"

"तिला दुसरी खोली बघून देईन. भाडं मी भरीन, तिला कळणारसुद्धा नाही."

तेव्हा मात्र माझा तोल गेला. "बाई, तिला भाडं नकोय! तिला चोर म्हणून जायचं नाहीये. चोर सोडून संन्याशाला फाशी, तीही कशासाठी? तुमचं गुपित शाबूत राहावं म्हणून? साळवेंची घंटा बरी, तिच्यापायी कुणी बेघर होत नाही."

"बोलले तर अकरा वर्षं वाया गेली, अभय. उजव्या हाताचं डाव्या हाताला कळू नये, एवढं एकच मी आयुष्यात नीट सांभाळलंय."

"उद्या सहापर्यंत वाट बघतो. तुम्ही आला नाहीत तर मी सगळं सांगणार."

"सांग की. कोण विश्वास ठेवेल? मी नीरजा, मेथीच्या जुडीवाली." त्यांनी माझा अर्धा भरलेला कप उचलला आणि मोरीकडे नेला.

६

बुधवारी मी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. कबूल करतो, भाषण तयार होतं. आधी साळवे, मग सर, मग टोपली, आणि शेवटी नाव. नाव घेतल्यावर सभा कशी श्वास रोखेल, तेही मी मनात ऐकलं होतं. आयुष्यात एवढा सुरेख दावा मी कधी सोडवला नव्हता.

हॉल भरला होता. शालन आणि संस्कृती मागच्या भिंतीशी उभ्या होत्या. बाईंचा पत्ता नव्हता. सहा वाजून दहा मिनिटांनी साळवेंनी ठराव वाचला : शनिवारपर्यंत खोली रिकामी करावी. शालनने लेकीचा हात घट्ट धरला.

"एक मिनिट," मी उठलो. "मला बोलायचंय."

"आधी मी बोलते," दारातून आवाज आला.

नीरजाबाई चालत पुढे आल्या. धाप लागली होती. त्या कमिटीकडे बघत नव्हत्या, शालनकडे बघत होत्या.

"पाकीट मी चोरलं. शालनचा काही संबंध नाही. तिच्यावर आळ आला तेव्हा मी तिथेच बसले होते आणि गप्प राहिले."

एकच गलका झाला. साळवे ओरडले, "का? आत कुणाचं नाव होतं?"

"ते मी सांगणार नाही. पाकीट जाळून टाकलंय."

"जळफळाट, दुसरं काय!" कोणीतरी म्हणालं. "स्वतः दहा रुपये देववत नाहीत, दुसऱ्याचं कौतुक कसं बघवेल?" सगळ्या माना पठारे सरांकडे वळल्या. सर उभे राहिले.

"ते दान माझं नाही," ते म्हणाले. "कधीच नव्हतं."

मग मागून एक बाई कौतुकाने म्हणाली, "सर असंच म्हणणार हो!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर "नाही, नाही" म्हणत राहिले, टाळ्या वाढतच गेल्या. शेवटी ते तोंड झाकून खाली बसले.

रेव्हरंडांनी ठराव फाडला, शालनची माफी मागितली. मग त्यांनी जड आवाजात सांगितलं की नीरजाबाईंना सहा महिने प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीला, बसता येणार नाही. बाईंनी मान हलवली. माझं भाषण जिभेवर आलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी तोंड उघडलं आणि बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बसलो. इतकं जड मला कधी काही गेलं नाही.

लोक उठू लागले तेव्हा शालन पुढे आली. चार दिवसांचा कोंडलेला राग तिच्या तोंडावर होता.

"बाई, चार दिस माझी लेक धड जेवली न्हाय. तिला शिकवणारा त्यो देवमाणूस कुठं आन् तुमी कुठं! त्याच्या सावलीला बी हुभं राहायची तुमची लायकी न्हाय."

संस्कृती आईला मागे ओढत होती. नीरजाबाईंनी त्या मुलीकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"खरं आहे, शालन," त्या म्हणाल्या. "माफ करता आलं तर कर."

शालनने केलं नाही. लेकीला घेऊन ती आपल्या खोलीकडे निघून गेली. बाई एकट्या उभ्या होत्या, आणि माणसं त्यांना वळसा घालून जात होती. मी जाऊन त्यांच्या शेजारी उभा राहिलो. मला फार रडू येत होतं, आणि ते लपत नव्हतं.

"रडू नकोस, अभय," बाई हळूच म्हणाल्या. "लोकांना कळेल."